मॉरिशस : उसाच्या बेटावरच्या बाया



आज ज्या देशाविषयी बोलायचं आहे तो आपल्या बुलढाणा जिल्ह्याहून लहान आहे. आपल्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे 9,660 चौरस किलोमीटर, तर मॉरिशसच्या मुख्य बेटाचं 1,865. म्हणजे आपल्या 13 तालुक्यांत ते बेट पाच वेळा मावेल. तिथली वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात 25 लाखांहून जास्त माणसं होती. तरी त्या एवढ्याशा देशाला स्वतःचं सरकार आहे, स्वतःचा झेंडा आहे आणि स्वतःचा रुपयाही आहे. होय, तिथल्या नाण्याला रुपयाच म्हणतात. एकोणिसाव्या शतकात तिथे आपला हिंदुस्थानी रुपया चालायचा, ते नाव टिकून राहिलं.

आम्ही हा देश निवडला तो परदेशाची हौस म्हणून नाही. तिथल्या दर तीन माणसांतल्या सुमारे दोघांचे पूर्वज हिंदुस्थानातून ऊस तोडायला नेलेले मजूर होते. त्यांत मराठी माणसं होती, बायाही होत्या. ऊसतोडीच्या फडावरून तो देश आज जिथे आहे तिथवर कसा आला, आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते ऐकण्यासारखं आहे.

आधी तो कुठे आहे ते बघू. पृथ्वीच्या पोटावरून विषुववृत्ताची रेघ जाते. आपलं बुलढाणा त्या रेघेच्या वर, साधारण साडेवीस अंशांवर. मॉरिशस त्याच रेघेच्या खाली, वीस अंशांच्या थोडं पुढे. दोघं रेघेपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, पण उलट्या बाजूंना. त्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे वैशाखवणवा पेटलेला असतो तेव्हा तिकडे थंडीची सुरुवात होते. तिथले मराठी लोक गुढीपाडवा करतात तो पानगळीच्या दिवसांत. आपल्याकडे उसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, त्यांचा जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीनंतर संपत येतो.

हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे 2,000 किलोमीटर पूर्वेला, मादागास्कर नावाच्या मोठ्या बेटाच्याही पलीकडे हे बेट आहे. समुद्राच्या तळातून ज्वालामुखी उसळला, लाव्हा थरावर थर साचला आणि बेट वर आलं. म्हणून तिथला दगड आपल्यासारखाच काळा. आपल्या विहिरी खोदताना जो काळा पाषाण लागतो, त्याच जातीचा. आपल्या लोणारला उल्का पडून खोल कुंड तयार झालं आणि त्यात सरोवर साचलं. तिकडे ज्वालामुखीच्या विझलेल्या तोंडात पाणी साचून तळं झालं. त्याला आज गंगातलाव म्हणतात. 1972 साली गंगोत्रीकडून आणलेलं गंगाजल त्यात सोडलं. महाशिवरात्रीला खांद्यावर कावड घेऊन लाखो माणसं पायी तिथे जातात, जशा आपल्या दिंड्या शेगावला येतात. सगळ्यात उंच डोंगर 828 मीटरचा. भोवताली पोवळ्यांच्या खडकांची कडी आहे. ती समुद्राच्या लाटा अडवते, म्हणून किनाऱ्याजवळचं पाणी तळ्यासारखं शांत असतं. नोव्हेंबर ते एप्रिल मात्र चक्रीवादळांचे दिवस. 1960 च्या फेब्रुवारीत कॅरोल नावाचं वादळ आलं, त्यात हजारो घरं जमीनदोस्त झाली. त्यानंतर लोकांनी पत्र्याची आणि गवताची घरं सोडून सिमेंटची घरं बांधायला घेतली.

माणसं तिथे फार उशिरा आली. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीपर्यंत त्या बेटावर कायमची वस्ती नव्हती. घनदाट जंगल, त्यात काळ्याकुट्ट आबनुसाची झाडं, मोठाली कासवं आणि डोडो नावाचा पक्षी. डोडोला उडता येत नसे, कारण पळून जावं असा शत्रूच त्याला नव्हता. 1598 साली डच लोक उतरले, त्यांनी आपल्या मॉरिस नावाच्या राजपुत्रावरून बेटाचं नाव ठेवलं. त्यांच्या जहाजांबरोबर उंदीर आले, डुकरं आली. डोडो जमिनीवरच घरटं करायचा, अंडं एकच घालायचा. ती अंडी या नव्या जनावरांनी फस्त केली. शंभर वर्षांच्या आत डोडो पृथ्वीवरून गेला. आबनूस तोडून विकला गेला. आज मूळ जंगलातलं चांगलं जंगल शंभरात दोन भागसुद्धा उरलेलं नाही. याच डचांनी 1639 साली जावा बेटावरून एक रोप आणून लावलं. ते उसाचं.

1710 मध्ये डच निघून गेले, मग फ्रेंच आले आणि 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून माणसं धरून आणून गुलाम केली होती. इंग्रजी राज्यातही ती गुलामी चालूच राहिली. 1825 साली इंग्रजांनी मॉरिशसच्या साखरेवरची जकात कमी केली आणि मळेवाल्यांना सुगी आली. जिथे जागा मिळेल तिथे ऊस. मग 1 फेब्रुवारी 1835 रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. सुमारे 66,000 माणसं सुटायची होती. सरकारने भरपाई दिली, 20 लाख पौंडांहून जास्त. ती कोणाला मिळाली असेल? मालकांना. ज्यांनी आयुष्यभर फुकट राबून काढलं त्यांच्या हातावर काहीच पडलं नाही. सुटलेली माणसं मळ्याकडे पाठ फिरवून निघाली, ते बरोबरच होतं.

आता ऊस कोण तोडणार? मालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ॲटलास नावाचं जहाज पोर्ट लुई बंदराला लागलं, त्यात 36 हिंदुस्थानी मजूर होते. ही सुरुवात. पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत साडेचार लाखांवर माणसं नेली गेली. बंदरावर त्यांना उतरवून घेत ती जागा आजही आहे, आप्रवासी घाट म्हणतात. बोटीतून उतरून 16 दगडी पायऱ्या चढल्या की नोंदणीचं आवार. 2006 पासून ती जागा जागतिक वारसा म्हणून जपली जाते.

या मजुरांशी पाच वर्षांचा कागद केला जाई. इंग्रजीत त्याला ॲग्रीमेंट म्हणत, आपल्या लोकांच्या तोंडी त्याचं झालं गिरमिट, आणि माणसं झाली गिरमिटिया. पुरुषाला महिना 5 रुपये, वर तांदूळ, डाळ, तेल, मीठ यांचा शिधा. बायांना त्याहून कमी. नेणारे दलाल गोड बोलत. तिकडे दगड उचलला की खाली सोनं सापडतं, अशी बतावणी केल्याची गोष्ट तिथल्या घराघरांत सांगतात. दगड मात्र खरोखर उचलावे लागले. ऊस लावायचा तर काळ्या दगडांनी भरलेली जमीन मोकळी करायला हवी. ते दगड डोक्यावर वाहून शेतात एका जागी रचले, त्यांचे ढीग आजही उसाच्या फडात देवळाच्या शिखरासारखे उभे दिसतात. सोनं निघालं ते मालकाचं.

आता एक नियम ऐका. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापायची. आजारी असला तरी. इंग्रजीत त्याला डबल कट म्हणत. ज्या मैत्रिणी ऊसतोडीला गेल्या आहेत किंवा ज्यांच्या घरचं कोणी गेलं आहे, त्यांना हे ऐकून काय आठवलं ते आम्ही सांगायला नको. खाडा. मराठवाड्यातून, आणि आपल्याकडच्याही काही गावांतून, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून उचल घेऊन जातात. एक दिवस बाई उठली नाही तर त्या दिवसाच्या कमाईहून जास्त रक्कम खाड्यापोटी नावावर चढते. पाळी असो, ताप असो, पोटात पोर असो. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मॉरिशसच्या कागदात आणि आजच्या मुकादमाच्या वहीत फार अंतर नाही. फरक एवढाच की तिथला नियम सरकारी कायद्यात लिहिलेला होता, म्हणून त्याच्याविरुद्ध सरकारकडे दाद मागता आली. इकडे बहुतेक सगळं तोंडी असतं.

दाद मागितली तीही सांगतो. पाच वर्षं भरलेल्या जुन्या मजुरालाही मोकळं फिरता येत नसे. 1867 च्या कायद्याने त्याला फोटो चिकटवलेला पास जवळ बाळगावा लागे. पास नसला की भटक्या म्हणून तुरुंगात. आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्या माणसाला हे पाहवेना. 1871 साली त्याने 9,000 हून जास्त मजुरांच्या नावाने अर्ज तयार केला. मळेवाले त्याच्यावर इतके चिडले की त्याला भर रस्त्यात मारहाण झाली. पण 1872 मध्ये विलायतेहून चौकशी आयोग आला, आणि मजुरांची हालत कागदावर आली.

मराठी माणसं कुठली होती? आपल्या वऱ्हाडातली क्वचितच. मुंबई बंदरातून बहुतेक पहिल्या तीसेक वर्षांत माणसं गेली, ती रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा या भागांतली. वऱ्हाडावर इंग्रजांनी दुसरं पीक लादलं होतं. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडकला, आणि विलायतेच्या गिरण्यांना आपल्या पऱ्हाटीची आठवण झाली. ज्वारीच्या जागी कापूस आला. खामगावची बाजारपेठ फुगली, आणि 1870 साली जलंबहून खामगावपर्यंत खास कापसासाठी रेल्वे झाली. तिच्या उद्घाटनाला लॉर्ड मेयो हा व्हाइसरॉय स्वतः आला. मॉरिशसमध्ये ऊस आणि खामगावात कापूस, ही एकाच घराण्याची दोन शेतं. दोन्हीकडे पीक आपलं, आणि भाव ठरायचा तो समुद्रापलीकडे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या जहाजांत बाया फार थोड्या असत. पुढे सरकारने दर जहाजात बायांचं प्रमाण ठरवून दिलं, तेव्हा संख्या वाढली. कोणी नवऱ्यामागे गेली, कोणी विधवा होती, कोणाला घरात जागा उरली नव्हती. उतरल्यावर कारकून नाव विचारी आणि कानाला येईल तसं लिहून घेई. आडनाव ही भानगडच त्याला कळत नसे. मग बापाचं नाव हेच पुढच्या पिढीचं आडनाव झालं. आज तिथे सखाराम, बापू, लक्ष्मण ही आडनावं आहेत. पुढच्या काळात तिथल्या महिला हक्क खात्याच्या मंत्री झालेल्या एका बाईंचं नाव आहे शीलाबाई बापू. हे नाव आपल्या कुठल्याही गटाच्या हजेरीपटावर खपून जाईल.

मळ्यातून बाहेर पडायचा पहिला रस्ता जमिनीचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखरेचे भाव पडले तेव्हा मोठ्या मालकांनी कडेकडेची हलकी जमीन तुकडे करून विकायला काढली. ती मजुरांनी घेतली. पैसा कुठून आला? पै-पै साठवून, मिळालेल्या चांदीच्या रुपयाचे वाळे-पाटल्या घडवून. बाईच्या हातापायातली चांदी ही तेव्हाची बँक. तुमच्या आजीलाही हा हिशोब माहीत होता. असे हजारो लहान ऊस-शेतकरी तयार झाले आणि त्यांच्या वस्त्यांची गावं झाली.

दुसरा रस्ता अक्षरांचा, आणि या ठिकाणी आम्ही जरा जास्त थांबणार आहोत. गावोगाव बैठक नावाची जागा असे. गवताची झोपडी, संध्याकाळी कंदील, तिथे पोथी वाचायची, मुलांना आपली भाषा शिकवायची. 1901 साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतताना जहाज थांबलं म्हणून काही आठवडे इथे राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असं त्यांनी सांगितलं. 1907 मध्ये त्यांच्या सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर नावाचे वकील आले आणि मजुरांचे खटले चालवू लागले. तरीही मतदानाचा हक्क मालमत्ता आणि उत्पन्न असलेल्यांनाच होता. पूर्ण बेटावर मतदार सुमारे 12,000. 1947 साली नवी घटना आली, तिच्यात अट अशी की कोणत्याही एका भाषेत साधं वाक्य वाचता-लिहिता आलं की पुरुषाला मत, आणि बाईलाही मत. मग बासदेव विष्णुदयाल यांचे स्वयंसेवक गावोगाव बैठकींत जाऊन मोठ्या माणसांना सही आणि दोन ओळी शिकवू लागले. दिवसभर ऊस तोडून आलेले हात पाटीवर अक्षरं गिरवू लागले. 1948 च्या निवडणुकीत मतदार 70,000 च्या वर गेले. मळेवाल्यांची सत्ता त्या निवडणुकीत ढिली झाली. दोन बायाही कायदेमंडळात गेल्या. बचत गट सुरू होतो तेव्हा अंगठ्याऐवजी सही शिकण्याचा दिवस आपल्याकडे काय असतो हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या 1948 ची किंमत कळेल. सगळ्या प्रौढांना बिनशर्त मत मिळायला 1959 उजाडलं.

या दोन तारखांच्या आधी एक तिसरी तारीख आहे, 27 सप्टेंबर 1943. उत्तरेकडच्या बेल व्ह्यू हारेल या साखर मळ्यावर मजुरांनी मजुरीसाठी संप केला होता. पोलिसांनी गोळीबार केला. चार माणसं मेली. त्यांत अंजली कुपेन नावाची गरोदर बाई होती, आणि एक चौदा वर्षांचा मुलगा. आज तिथल्या मोठ्या क्रीडांगणाला अंजलीचं नाव आहे. साध्या शेतमजूर बाईच्या नावाचं मैदान आम्ही तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

12 मार्च 1968 रोजी मॉरिशस स्वतंत्र झालं. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. तेव्हा जगातले जाणते लोक या देशाबद्दल फार आशा धरत नव्हते. जेम्स मीड नावाचे अर्थशास्त्रज्ञ, ज्यांना पुढे नोबेल मिळालं, त्यांनी 1961 मध्ये अहवाल दिला होता. एकच पीक, लोक वाढताहेत, जमीन वाढत नाही, यातून निभावणं कठीण, असा त्याचा सूर. लोक वाढण्याचं कारण चांगलंच होतं: दुसऱ्या महायुद्धानंतर फवारणी करून मलेरिया आटोक्यात आला आणि मुलं जगू लागली. मग कुटुंब नियोजनाचं काम झालं, सरकारी दवाखान्यांतून आणि चर्चच्या संस्थेतूनही. दहा-बारा वर्षांत बाईमागे सरासरी सहा मुलांवरून संख्या साडेतीनच्या आसपास आली. जबरदस्ती न करता हे झालं, आणि ते झालं कारण मुलींच्या शाळा वाढत होत्या. 1977 पासून माध्यमिक शिक्षण फुकट झालं.

ज्येष्ठांचं पेन्शनही सांगायला हवं. 1958 पासून तिथे ठराविक वयाच्या प्रत्येकाला पेन्शन मिळतं. त्याला दारिद्र्यरेषा नाही. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला नाही. मुलगा कमावता आहे का हा प्रश्न नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या म्हातारीला आणि मळेवाल्याच्या आईला सारखंच. इतकी वर्षं 60 हे वय होतं. 2025 साली सरकारने ते हळूहळू 65 वर न्यायचं ठरवलं, तेव्हा लोक चिडले. खर्च झेपत नाही हे सरकारचं म्हणणं खोटं नसेल. पण ज्यांचं शरीर साठीआधीच झिजलेलं असतं त्यांच्यासाठी ही पाच वर्षं सारखी नसतात, असं आमचं मत आहे.

नोकऱ्यांचं काय? 1970 साली सरकारने निर्यातीच्या कारखान्यांना सवलती दिल्या. परदेशी आणि स्थानिक पैशाने कपड्यांचे कारखाने निघाले: स्वेटर, शर्ट, पँट. आणि त्यांत कामाला घेतल्या मुख्यतः बाया, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागे. उसाच्या फडातून, घरातून निघून मुली मशीनवर बसल्या. तास लांब, मालाची घाई असली की रात्रीचंही काम. तरी हातात स्वतःचा पगार आला. लग्न पुढे ढकलता आलं, घरात बोलता आलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या जुन्या फ्रेंच कायद्यात लग्न झालेली बाई नवऱ्याच्या हाताखाली मानली जाई, तो कायदा त्या काळात बदलला गेला. पुस्तकांत मॉरिशसची प्रगती म्हणून जी सांगतात, तिच्यात या शिवणाऱ्या हातांचा वाटा फार मोठा आहे आणि त्यांची नावं फार थोडी आहेत.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं. भाव समुद्रापलीकडे ठरतो. 1975 पासून युरोप मॉरिशसची साखर करार करून चढ्या भावाने घेत असे. कपड्यांनाही जागतिक कोट्याचा आधार होता. 2005 मध्ये कपड्यांचा कोटा संपला, कारखाने जिथे मजुरी आणखी स्वस्त तिकडे गेले, आणि हजारो बायांच्या नोकऱ्या गेल्या. चाळिशीतल्या बाईला मशीनशिवाय दुसरं काही शिकवलेलं नव्हतं. पाठोपाठ युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्के उतरवला. लहान ऊस-शेतकऱ्यांनी जमिनी पडीक टाकल्या. आज देशाचा मुख्य आधार पर्यटन, बँका आणि परदेशी पैशाचे व्यवहार यांचा आहे. ऊस आहेच, पण आता त्याच्या चिपाडावरही वीज बनते. किनाऱ्यालगत मोठी हॉटेलं उभी राहिली, आणि काही ठिकाणी गावच्या माणसालाच समुद्राकडे जायची वाट शोधावी लागते.

समाज कसा आहे? जवळजवळ निम्मे हिंदू, एक तृतीयांशाच्या आसपास ख्रिस्ती, साधारण सहावा हिस्सा मुसलमान, शिवाय चिनी वंशाचे लोक. सरकारी कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, आणि घरात-बाजारात सगळ्यांची क्रिओल. ही बोली गुलामांच्या तोंडी घडली, आज ती सगळ्यांची आहे. रस्त्यावर डाळपुरी विकतात. वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, वर रस्सा आणि लोणचं. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे रांगेत उभे राहून खातात. पण सगळं गोडीगुलाबीचं आहे असं नाही. 1999 साली काया नावाचा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला, आणि अनेक दिवस दंगल झाली. ज्यांचे पूर्वज गुलाम होते ती क्रिओल माणसं आजही शिक्षणात आणि नोकरीत मागे आहेत. स्वातंत्र्यानंतर सत्तेवर आलेले बहुतेक पंतप्रधान हिंदू कुटुंबांतले. गिरमिटियांच्या नातवंडांनी पुढे जाताना गुलामांच्या नातवंडांना बरोबर घेतलं का, हा प्रश्न तिथे विचारला जातो आणि तो रास्त आहे.

मॉरिशसच्या मालकीचं आणखी एक लहान बेट आहे, रॉड्रिग्ज, पूर्वेला साधारण 600 किलोमीटरवर. तिथल्या बाया ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उतरून भाल्याने आठ पायांचा ऑक्टोपस पकडतात, वाळवून विकतात. सगळ्याच पकडत राहिल्या तेव्हा ऑक्टोपस लहान आणि कमी होत गेले. 2012 पासून त्यांनी वर्षातून ठराविक दिवस, सुरुवातीला दोन महिने, पकडणं पूर्ण बंद ठेवायला घेतलं. त्या दिवसांत बायांना किनारा साफ करण्यासारखं दुसरं काम देऊन मजुरी दिली. बंदी उठली की मोठमोठे ऑक्टोपस मिळू लागले. चराईबंदी करून कुरण वाचवलेल्या गावांना हे नवीन वाटणार नाही.

जुलै 2020 मध्ये वाकाशियो नावाचं जपानी मालकाचं जहाज आग्नेय किनाऱ्यावर खडकावर चढलं. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे 1,000 टन तेल समुद्रात आलं. सरकार हलेपर्यंत लोकच धावले. तेल अडवायला तरंगता बांध हवा होता, तो विकत आणायला वेळ नव्हता. मग त्यांनी काय केलं? शेतातलं उसाचं पाचट आणलं. कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यात ते भरलं, प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि समुद्रात सोडले. केसांना तेल चिकटतं म्हणून केस कापून दिले. किलोमीटर-किलोमीटरचे बांध हाताने तयार झाले. शिवणाऱ्यांत कारखान्यांतून घरी बसलेल्या बायाही असणारच.

आणि आपली मराठी? कास्कावेल, हेन्रिएटा, वाक्वा या गावांत आजही मराठी घरं आहेत. घरात बोलतात क्रिओल, पण शाळेत मराठी विषय घेता येतो. हेन्रिएटा गावी 1896 साली एका मराठी कुटुंबाने पहिला गणपती बसवला असं सांगतात. आज गणेश चतुर्थीला संपूर्ण देशाला सुट्टी असते आणि गणपती समुद्रात विसर्जित होतो. कोकणातलं जाखडी नाचणं तिथे झाकरी म्हणून टिकलं आहे, गाण्यातले काही शब्द गाणाऱ्यांनाही कळत नाहीत, पण चाल सुटलेली नाही. 2023 मध्ये तिथल्या मराठी मंडळींनी छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला. सिंदखेडराजाच्या जिजाऊंचा मुलगा आता तिकडेही उभा आहे.

मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या जहाजांचे जुने दप्तर ठेवलेले आहे. प्रत्येक मजुराचा क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा. पुढच्या काळातल्या माणसांचे फोटोही आहेत. समोर बघत बसलेली बाई, डोक्यावर पदर, छातीशी क्रमांक. चौथ्या-पाचव्या पिढीतली माणसं आपल्या पणजीचा क्रमांक घेऊन तिथे येतात आणि गावाचं नाव शोधतात. कारकुनाने ते नाव कानाला आलं तसं लिहिलेलं असतं. कोणाला त्यावरून कोकणातली वाडी सापडते, कोणाला नुसता जिल्हा.